जमातीचा रकाना

कापसाच्या गाड्या मार्चात आटल्या
की काट्याची खोली रात्री आमची.
मी काटाबाबू, म्हणून चावी माझ्याकडे.
बाहेर सरकीचा ढीग, त्याचा तेलकट वास,
आत उलटं टाकलेलं खोकं, त्यावर सतरंजी,
आणि आठ-दहा आकाशगंगा, सुगतच्या वहीत.

खेळवणारा सुगत मेश्राम. दिवसा सेवा केंद्रात
दाखले काढतो : उत्पन्न, रहिवास, जात.
त्याच प्रिंटरवर आमचे कागद छापले त्यानं,
मग रकानेही तसेच आले :
नाव. वय. राहणार ग्रह. जमात.

वीस बाजूंचा फासा नागपूरहून मागवलेला, एकच.
तो कूलरखाली गेला की युद्ध थांबतं.
बाकी मोजदाद चिंचोक्यांवर.

वेल्डिंगवाल्या तौसिफची जमात खाटरू :
चार हात, पाठीवर शिंपला,
अपमान सात पिढ्या विसरत नाहीत.
"चार हात कायले बे?"
"दोनानं काम करीन, दोनानं जेवीन.
टाइम कुठं हाय बावा."
दर खेपेला मरतो. दर खेपेला खाटरूच होतो.

वायरमन नगराळे नुसत्या विजेचा जीव.
लोडशेडिंगमध्ये त्यानं बेशुद्ध पडायचं,
हा नियम त्यानं स्वतःच लिहून घेतला,
आणि पाळतोही, घोरत.

मी डोलमी.
डोलमी खोटं बोलला की त्याचं वजन वाढतं.
फार थापा मारणारा उभ्या जागी रुततो,
त्याला काढायला शेजारी दोरखंड घेऊन येतात.
सात वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला
दुसरी कोणती जमात आवडणार?

उपकेंद्रातली सिस्टर, प्रणाली उईके,
झरीकडची, सगळ्यांत उशिरा आली खेळात.
त्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं होतं जरा.
सुगत म्हणाला, "काहीही टाक, मनानं."
तिनं लिहिलं : सुक्कुम.

सुक्कुम भांडकुदळ. हिशेबाला पक्के.
यानाचं इंजिन बंद पडलं की त्याला
आधी शिव्या, मग तेल.
तहात दोन चंद्र मागून घेतात
आणि वर म्हणतात, पिशवी?
आम्ही हसून हसून सतरंजीवर आडवे.
आणि त्यांची भाषा!
पाणी म्हणजे येर. घर म्हणजे लोन.
सुगतनं वहीची मागची चार पानं भरली.
तौसिफ दुकानात पोराला ओरडायला लागला,
"येर आण रे!"
पोरगा म्हणे, उस्ताद उन्हानं गेला.

चार महिने.
सगळ्यांत आवडती जमात कोणती, मत घेतलं,
तर मीसुद्धा डोलमी सोडून चिंचोका तिकडेच टाकला.

मग एका गुरुवारी तिचा फोन वाजला.
हात गुंतलेले, फासा तिच्याकडे,
तिनं स्पीकर लावला.
तिची आई बोलत होती.
नळाचं काहीतरी, बहुतेक. येर, येर.
मग लोन. मग इंजिनला घालायची ती शिवी,
जशीच्या तशी, कुणा शेजाऱ्याला.

फोन बंद झाला. कूलर तेवढा चालू.

सुगत वही चाळत होता, मागची पानं.
"म्हणजे तू बनवली नाहीस?"
"कायले बनवू? घरचीच हाय.
सुक्कुम म्हंजे चांदणी. तुमी इचारलंच नाई."

चाळीस किलोमीटर.
आम्ही तिला सतराशे प्रकाशवर्षांवर ठेवलं होतं.
आणि सुगत, ज्यानं हजारदा
तो रकाना भरला असेल लोकांचा,
स्पेलिंग तपासून, शिक्का मारून,
तो फाशाकडे बघत राहिला
जणू तो अजून फिरतोय.

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो.

"टाका आता फासा," प्रणाली म्हणाली,
"इंजिन तापून रायलं."

रात्री दोनला कुलूप लावताना
मी काट्यावर उभा राहिलो, एकटाच.
साठ टनी काटा,
दहा किलोच्या खालचं काही सांगत नाही.
लाल आकडे थरथरले, थांबले.
सत्तर.
रोजच्यासारखेच.