पुढची चाकं

छप्पन्न सालची शेवरले पिकअप, मुरगावच्या धक्क्यावर उतरलेली,
स्टिअरिंग डाव्या हाताला.
दारावर अजून पुसटसं वाचता येतं: सांतान इ फिल्युश.
फिल्युश म्हणजे मुलगे. रंगाऱ्याला बापाने आगाऊच सांगून ठेवलेलं.
मुलगे झाले नाहीत. एर्मेलीन झाली.

तीच उभी होती वाळपईला, माझ्या शेडसमोर,
जानेवारीत, काजूला मोहोर धरलेला.
म्हणाली, मेस्ता, हिला डोंगर चढव.
साठ वर्षं ही खालच्या खुरसापाशी थांबते.
तिथून वर भट्टीपर्यंत सगळं डोक्यावर,
भाण, पिंपं, पाण्याचे कॅन.
आता मान ऐकत नाही.

मी पाठीवर पडून खाली सरकलो.
पुढे नुसता एक लोखंडी आस, सरळ, भाबडा.
या पुढच्या चाकांनी जन्मभर फक्त वाट दाखवली,
ढकलायचं काम मागच्यांचं.
असली माणसं आहेत माझ्या ओळखीची.
जाऊ दे.

डिचोलीकडच्या एका बंद खाणीवर सर्वेअरची जीप सडत होती,
सीटमधून रानतुळस उगवलेली.
तिचे अॅक्सल सोडवले, ट्रान्स्फर केस सोडवली.
तीन दिवस अंघोळीचं पाणी लाल.

पण आधी मोजणी.
पुढचं आणि मागचं एका हिशेबात नसेल
तर गाडी स्वतःशीच भांडते,
आणि त्या भांडणात दात गिअरचे पडतात.
शाफ्टवर खडूची रेघ ओढली.
दोन्ही चाकं एकदम फिरवायची, एकच फेरा, एका वेगाने.
एका चाकाला गुणो,
दुसऱ्याला एर्मेलीन, फ्रॉक आवरून, उकिडवी.
मी मधे आडवा, रेघ मोजत.
शेवरले: चाराला जरा कमी.
जीप: पाचाला जरा कमी.
म्हटलं, मागचाही काढावा लागेल.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, काढ. पण भंगारात नाही द्यायचा.
तो आता तिच्या बलकांवात आहे, वर सागाची फळी टाकून.
पावणा आला की त्यावर बसतो
आणि उठताना चड्डीला ग्रीस.

मार्च सरता सरता, बोंडू टपटपायला लागले तेव्हा
खुरसापाशी आलो.
सवयीने तिने हँडब्रेक ओढला.
म्हटलं, उतर, हब तू लाव.
आधी डावा, मग वळसा घालून उजवा,
जुन्या रेडिओचं बटण फिरवावं तसा तिने फिरवला.
खट्.

पहिल्याच चढावर पाचोळा, त्याखाली जांभ्याची खडी.
मागची चाकं घसरली, जशी कायम घसरायची.
आणि मग पुढून काहीतरी धरलं,
विहिरीच्या दोराला पलीकडून दुसरा हात लागावा तसं.
एर्मेलीन ओरडली, मेस्ता, स्टिअरिंग जड झालं रे!
होणारच, मी म्हटलं. कामाला लागली ती.

वर पोचलो. भट्टीवरचं कुत्रं भुंकायचं विसरून बघत राहिलं.
इंजिन बंद केलं
आणि मग दोघांच्याही लक्षात आलं
की इथे गाडी वळवायला जागाच नाही.
एका अंगाला कोळंबी, दुसऱ्या अंगाला दरड,
समोर काजूचं झाड, सांतानने लावलेलं.
त्यात जीपच्या सांध्यांमुळे पुढची चाकं आता पहिल्याइतकी वळतही नाहीत.
माझी चूक. मी चढ मोजला होता फक्त.
इतक्या वर्षांत इथे कोणी वळवण्यासारखं काही आणलंच नव्हतं.

ती हसली, घाम पुसला.
फाल्यां कोयतो घेवन येवया, म्हणाली.
कुठली फांदी तोडायची ते बोलली नाही.

चारही चाकांखाली दगड लावले.
काजूबियांची पाटी तिने उचलून डोक्यावर ठेवली.
म्हटलं, दे इकडे.
दिली नाही.
अंधार पडत होता, वाट उताराची,
आणि पुढून ती सांगत राहिली:
इथे दगड आहे. इथे मूळ.
इथे जप.