दोन सेकंद

विकायचं ठरलं तेव्हा आधी सगळं पुसून काढलं.
जाकीट, स्प्रिंगचा हात, दांडा,
खाली बॅटरी, वर कॅमेऱ्याची पाटी.
जाकिटाच्या अस्तरात सतरा लगीनसराईंचा घाम,
तो काही निघाला नाही.

हैदराबादेत एक स्टुडिओ बुडाला, त्याच्याकडून घेतलं होतं,
एक लाख पंच्याऐंशी हजार.
त्यात बायकोच्या पाटल्या होत्या,
किती तोळ्याच्या, ते ती अजून सांगते.
जालना स्टेशनात उतरवलं
तर हमाल पट्टे बघून म्हणाला,
"पेशंट कुठं हाय?"

वजनाच्या चकत्या वाटेत गहाळ.
लेथवाल्या सलाउद्दीनचाचांनी
रोलिंग मिलच्या भंगारातून नव्या कातून दिल्या,
सोनाराच्या तराजूवर एकेक तोलून.
यंत्र परदेशी, पण तोल जालन्याचा.

तोल बघायचा तो असा:
दांडा आडवा धरायचा आणि सोडून द्यायचा.
दोन सेकंदांत सरळ उभा राहिला तर ठीक.
धपकन आला तर बुड जड,
लोंबकळत राहिला तर डोकं.
पुढं मी माणसंही अशीच मोजू लागलो
आणि बऱ्याचदा फसलो.

बदनापूरच्या मंगल कार्यालयात
नवरीच्या मागं जायचं होतं मला.
दारात रेटारेटी झाली, नवरी डावीकडं वळली
आणि चौकटीत आली
पाण्याचं ताट घेतलेली एक पोरगी.
बारा ग्लास, काठोकाठ.
मी तिच्याच मागं गेलो.
का, ते मला आजही सांगता येत नाही.
जिना, पंगत, पत्रावळीवर वाकलेल्या माना, भट्टीचा धूर,
चार मिनिटं, मध्ये कुठं कट नाही.
तिचा थेंब सांडला नाही,
माझं क्षितिज कललं नाही.
नवरीच्या बापानं तीन हजार कापले.
बरोबरच होतं त्याचं.

मग मोटारवाले आले, मुठीत मावणारे.
कसंही पळा, कॅमेरा हलत नाही.
माझी पोरं तेच वापरतात, काम झकास होतं,
उगाच नावं ठेवणार नाही.
फक्त त्यांना कमर लागत नाही
आणि माझी तर त्यातच गेली.

घ्यायला सेलूहून अन्सार आला, सोबत मेव्हणा.
मेव्हणा म्हणाला, "इतकं चांगलंय तर इकायलाव कामून?"
मी एक्स-रे दाखवला.
पंचेचाळीस म्हणालो, बेचाळीसवर तुटलं.

पोरगं काटकुळं. पट्टा शेवटच्या भोकाला लावूनही ढिला.
गल्लीत चालायला लावलं.
आधी दांडा बैलाच्या घंटेसारखा हेलकावत होता.
"आवळू नको रे, दोन बोटं फक्त,
कोंबडीच्या पिल्लाला धरतोस तशी."
पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं, वळलं,
आणि परत येताना
त्याच्या गुडघ्यांत काहीतरी नरम झालं.
मेव्हण्याला ते दिसलं नाही.
मला दिसलं, आणि वाटलं, पैसे मोजायच्या आत
आत निघून जावं.

टेम्पो गेला.
मी हौदावरून घागर आणली, भरलेली,
एका हातात, उंबरा ओलांडून, न सांडता.
बायको म्हणाली, "आता तरी सरळ चाला."

मोंढ्याच्या पुढं गेले असतील तेव्हा मी फोन लावला.
एक सांगायचं राहिलं, म्हणालो,
म्हणजे राहिलं नाही, सांगितलं नव्हतं.
जिना चढताना तिसऱ्या पायरीला
वरच्या स्प्रिंगमध्ये टक् होतं.
दोन हजार परत पाठवतो.

पलीकडं मेव्हणा काहीबाही बोलत होता.
अन्सार म्हणाला,
"काका, त्या टक् ला तुम्ही काय करत होता?"

श्वास धरायचो, म्हणालो.