लिलावाची वही

छावणीतल्या आमच्या चर्चच्या पटांगणात
नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी
पाळकसाहेबांचा आशीर्वाद संपतो न संपतो
तोच फिलमोन उजगरे बाकावर चढून ओरडतो:
भोपळा! देवासकडच्या मळ्यातला! बोला भिया, बोला!

भोपळा तीनशेला जातो.
घेणारे शांतवनराव तो उचलतात, वजन बघतात,
आणि पुन्हा टेबलावर ठेवतात. विका परत.
चारशे दहा. परत टेबलावर.
असा एक भोपळा दुपारपर्यंत
पाच घरांचा होतो आणि एकाही घरी जात नाही.
मी लिहीत बसते,
भोपळा, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

वही माझ्याकडे पप्पांकडून आली.
सगळ्यात जुनी वेस्ट्रीच्या कपाटात आहे,
डांबराच्या गोळ्यांच्या वासात.
मजकूर मोडी, आकडे इंग्रजी,
आणि सुरुवातीला, लिलावाच्याही आधी,
बैलगाड्यांतून उतरवलेल्या पोरांची यादी.

छप्पनचा दुष्काळ.
पावलापावलाला पाणी म्हणून मिरवणारा माळवा
तेव्हा विहिरींत दोर सोडून
नुसते दगड वाजवत होता.

यादीत सतरावा:
मुलगा, वय अदमासे पाच.
नाव विचारता रडतो.
मुठीत ज्वारीचं कणीस आहे, दाणे नाहीत. सोडीत नाही.
नावाच्या जागी रेघ.

दोन पावसाळ्यांनी त्याच पोरांनी
आश्रमामागचा तुकडा पेरला
आणि जे आलं ते वेदीपुढे आणून ओतलं.
साडेचार मण.
पायऱ्यांवरून दाणे घरंगळले,
ते वेचायला उपासना थांबवावी लागली,
असं कुणीतरी समासात लिहून ठेवलंय.
कॅनडाच्या मिसबाई म्हणाल्या, हार्वेस्ट.
स्वयंपाकघरातल्या बायांनी ते तोंडात घोळवलं,
हारवेस, हरवेस.
लहानपणी मला वाटायचं,
जे हरवलेत त्यांचाच हा सण असणार.
संडेस्कूलच्या बाईंनी दुरुस्त केलं.
मी मान डोलावली, पण पटलं नाही.

सतराव्याच्या रेघेवर
पुढे कधीतरी निळ्या शाईनं लिहिलंय: प्रभुदान.
आणि आणखी नंतर, वेगळ्या अक्षरात: कणसे.
ते आमचं आडनाव.
सोयरीक जुळवताना साताऱ्याकडचे पाहुणे विचारतात,
कणसे म्हणजे मूळचे कुठले?
पप्पा सांगायचे, मुठीतले.
पाहुण्यांना कळायचं नाही. चहा निवायचा.

आता शेत कुणाकडे आहे?
विजयनगरच्या चौथ्या मजल्यावरून
सोयाबीन तेलाचे पाऊच येतात, बिस्किटांचे पुडे,
कुणी पहिल्या पगाराचं पाकीट ठेवतं, चिकटवलेलं.
तबिथाकाकू गॅलरीतलं एकच कारलं आणतात,
रुमालात गुंडाळून, जणू ते उघडं पडलं तर लाजेल.
ते दोनशेला जातं. कडू असूनही. कडू म्हणूनही असेल.

यंदा चारच्या सुमारास फिलमोनचा घसा बसला.
खुर्च्या आवरत होत्या, पुलावाचं पातेलं घासलं जात होतं.
भोपळा तसाच. त्यानं पुन्हा पन्नासपासून सुरुवात केली,
सवयीनं, कुणाकडेही न बघता.
साठ, मागून आवाज आला.
नर्सिंगची नवी मुलगी, झाबुआकडची,
पायात हॉस्टेलच्या चपला.
कुणी वर बोललं नाही.
तिनं घड्या मोडून साठ रुपये मोजले,
भोपळा लेकरासारखा कडेवर घेतला
आणि निघाली.

परत ठेवायचा असतो तो, शांतवनराव पुटपुटले.
काकूंनी त्यांचा हात दाबला.

नाव विचारायला मी उठेपर्यंत
ती फाटकाबाहेर, रिक्षांच्या गर्दीत.
वहीत लिहिलं: भोपळा. साठ. गेला.
नावाच्या जागी रेघ मारली
आणि पेन तिथेच थांबला थोडा वेळ.

बेरीज उद्या करीन.