विग्रह

मिस्टर पिंचबेक यांनी चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं.
आता कोबी लावतात, आणि शब्द
कोबीसारखेच सोलतात, पान पान काढून.

लिंकनशायरची सपाट संध्याकाळ. कुंपणापलीकडे
यूर्गिताच्या दुकानात राईचा पाव संपत आलेला.
मी वरच्या खोलीतली भाडेकरू, चहाला बोलावलेली.

‘बघ, ब्रिटनची उरली दोनच अक्षरं, बी आणि आर.
एक्झिट मात्र अख्खं, नखही न तुटलेलं.
साचासुद्धा आमचा नव्हे,
ग्रीससाठी ओतलेला. ग्रीस गेलाच नाही,
साचा तेवढा गरम राहिला.
आधी कुणी ब्रिक्झिट लिहून पाहिलं. तोंडात बसेना.
मग हे. मत पडायच्या चार वर्षं आधी
बाप्तिस्मा उरकलेला!’

मी माझ्या लिपीत लिहून पाहिलं: ब्रेक्झिट.
तुटण्याचा शब्द, आणि त्यात जोडाक्षरं दोन.
एक्झिटचा ताठ उभा ए
ब्रच्या डोक्यावर नुसती मात्रा होऊन बसलेला.
आमच्याकडे याला संधी म्हणतात, मी सांगितलं.
तहालाही संधी. चालून आलेल्या वेळेलाही.
‘आणि सोडवलं तर?’
विग्रह.
‘म्हणजे?’
फोड. भांडणसुद्धा.
ते कितीतरी वेळ चमचा ढवळत राहिले.
कपात साखर नव्हती.

‘एक्झिट हे मुळात क्रियापद, पोरी.
तृतीय पुरुष, एकवचन.
नाटकाच्या वहीत समासात लिहायचे: बाहेर जातो.’
जातो, की जाते?
‘लॅटिन विचारत नाही.’
मराठी विचारते.

मत कुठे टाकलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही; भाडं वाढवत नव्हते.

मार्चमध्ये यूर्गिता कौनसला निघाली.
व्हॅनमध्ये फळ्या, तराजू, मुलाची सायकल.
किल्ल्या पिंचबेकांच्या हातात दिल्या, वर एक पाव.
जाते, म्हणाली, तिच्या इंग्रजीत.
माझ्या ओठांवर आलं, जाते म्हणू नये गं,
येते म्हणावं.
हे इंग्रजीत जुळवेपर्यंत
व्हॅन कालव्याच्या पुलावर होती.

पाव तीन दिवस ओट्यावर तसाच.
चौथ्या दिवशी अर्धा माझ्या दाराशी,
दगड झालेला, पुसायच्या फडक्यात गुंडाळून.
खाली चिठ्ठी, लाल शाईत,
वह्या तपासायच्या त्या अक्षरात:

तृतीय पुरुष, एकवचन.
स्त्रीलिंग.