क्रियापद

बुधवारी शिफ्ट दोनला सुटते.
लायब्ररीत शिरण्याआधी मी लिंबाने हात घासते, तीनदा,
तरी हॅडॉकचा वास नखांच्या मुळाशी राहतोच.
मग पिशवीतून काढते
पिवळ्या पुठ्ठ्याचं स्तोत्र.

वेंगुर्ल्यात देवळाच्या मागच्या भिंतीपाशी
आई टोपली उतरून टेकायची,
आतून हेच यायचं,
चाळीस श्लोक, एका दमात दोन-दोन.
मी शब्द धरायला जायची
आणि हाती यायचं नुसतं शेपूट:
ये... ये... ये...
"ता आपला न्हय," आई म्हणायची,
आणि टोपली परत डोक्यावर.

ग्रिम्सबीत मला स्तोत्र शिकवते
मिस विनिफ्रेड डाउस, वय एक्याऐंशी,
चौतीस वर्षं मुलींना लॅटिन शिकवलेली.
संस्कृतचं तिला अक्षर येत नाही.
मी श्लोक रोमन लिपीत उतरवून देते,
ती लाल पेन्सिल ओली करते जिभेवर.
"आधी क्रियापद शोध.
ते सापडलं की बाकीचे आपोआप रांगेला लागतात."

संधी मात्र मी सोडवते.
बापूस ओट्यावर बसून जाळं सांधायचा,
पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून.
माझं काम उलटं.
एक-एक गाठ नखाने उकलायची
आणि बघायचं, आत काय अडकलंय.
कधी चांगला ऐवज. कधी नुसतं शेवाळ,
'च', 'तु', 'हि', ओळ भरायला घातलेलं.

सत्ताविसाव्या श्लोकाशी दोन बुधवार गेले.
चार चरण, सोळा शब्द,
मी शब्दकोशाची पानं हलवून थकले,
तिने सगळ्या शब्दांवर एकच खूण केली.
संबोधन. संबोधन. संबोधन.
"हे वाक्यच नाही," ती म्हणाली.
"दारात उभं राहून कोणी नुसती नावं घेतंय."

मग चष्मा काढून पुसत बसली, बराच वेळ.
भाऊ होता तिचा, केनेथ.
आइसलंडच्या बाजूला गेलेला ट्रॉलर आला नाही,
तेव्हा ही दहा वर्षांची.
आई गोदीच्या भिंतीवर उभी राहून
त्याची होती नव्हती ती सगळी नावं घ्यायची,
केन, केनी, लहानपणचं एक बोबडं नाव,
जे मिस डाउसने मला सांगितलं नाही.
"तिच्याही वाक्याला क्रियापद नव्हतं."

रेडिएटर खडखडला. बाहेर पाच वाजायच्या आत अंधार.
मी हळूच म्हटलं,
माझ्या भाषेत, मिस डाउस,
या प्रत्येक शब्दाचं शेपूटच क्रियापद आहे.
तनये. अभये. अव्यये.
आमच्याकडे पोराला अंगणातून हाक मारतात ना,
तेच. ये.

तिने मान हलवली. व्याकरणात हे बसत नाही,
तिला ठाऊक होतं, मलाही.
तरी समासात बारीक अक्षरात लिहिलं:
ये. आज्ञार्थ, एकवचन.
पुढे प्रश्नचिन्ह.
मग खोडरबर उचललं, आणि ठेवून दिलं.

बसमध्ये पुस्तक मांडीवर उघडं होतं
आणि शेजारची बाई वासाने जरा सरकून बसली.
मी श्लोक मोठ्याने म्हटला नाही.
ओठ मात्र हलले असावेत.

पुढच्या बुधवारी अठ्ठाविसावा काढला.
क्रियापद पहिल्याच शब्दाला होतं,
उघडं, ठसठशीत.
आम्ही दोघी जराशा हिरमुसलोच.