हातचा

मी गणित शिकवते. पक्ष्यांतलं मला
कावळा आणि कोंबडीपलीकडे काही कळत नाही,
हे हेडमास्तरांना सांगून झालं होतं.
तरी सप्टेंबरात त्यांनी सात मोजणीयंत्रं
माझ्या टेबलावर ओतली, सुट्ट्या पैशांसारखी:
"लामझिरा, मोजता तर येतं ना?"

म्हणून सहावीचा वर्ग घेऊन टेकडीवर.
खाली बातुमी, आणि काळा समुद्र, नावालाच काळा,
त्या दिवशी कोबीच्या पानाच्या पाठीसारखा.
मागे डोंगर. मधल्या चिंचोळ्या वाटेनं
उत्तरेचं अख्खं आभाळ दक्षिणेला निघतं म्हणे.
आम्ही बसलो रान माजलेल्या चहाच्या मळ्यात,
जिथं माझी आई पानं खुडायची.

पहिला तास नुसतं धुकं.
एतेरीनं गाई मोजल्या. अकरा.
नोदारनं बटण उगाच दाबून दाबून
आपला आकडा दोन हजारांवर नेला. ओरडले त्याला.

मग धुक्याला भोक पडलं.
"मोहोळ घार. मोहोळ घार. भोवत्या, मादी.
ती मागची यंदाचीच, वाऱ्यावर अजून धड टेकत नाही."
जेमाल. गवतात उताणा.
दुर्बीण त्याच्याकडे नव्हतीच.
"तुला कसं कळतं रे?"
"हातात घेतल्यात की, बाई.
ही छातीला जड. ती नुसती हाडं,
सूपही होत नाही धड."

पोरं हसली. अशा वेळी बाईंनी हसावं का,
हे मला पदविकेत कुणी शिकवलं नव्हतं.
"तू नावं सांग," म्हटलं, "बाकीचे मोजतील."

अपूर्णांकांत दोनदा गटांगळी खाल्लेला तो पोरगा
आभाळाची हजेरी घेऊ लागला.
टिक. टिक. टिकटिक. टिक.
तापल्या हवेवर घारी चढत होत्या गोल गोल,
काठापर्यंत यायच्या,
आणि दूध उतू जावं तशा दक्षिणेला सांडायच्या.

दुपारी पलीकडच्या कड्यावर बंदूक वाजली.
एक घार मधूनच दुमडली
आणि आडवी, फार सावकाश,
हेझलनटच्या बागेत उतरली.

गावात बंदुका पुष्कळ. पण आपल्या घरच्या बंदुकीचा आवाज
पोराला कळतो, बापाची दारावरची थाप कळते तसा.
जेमाल उठून बसला.
"बाई, ही मोजून झाली होती.
आता वजा करायची?"

मी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.
एक बटण पुढे जायचं. एक शून्यावर न्यायचं.
मधलं काही नाही.

"वर्गात तर सांगता, शेजारून हातचा घ्यायचा."
"हो."
"मग इथं शेजारी कोण?"
"तुर्कस्तान," नोदार म्हणाला.
कुणी हसलं नाही.

संध्याकाळी वह्या घेतल्या.
जेमालनं पट्टी न लावता रेघ मारली होती,
तिच्याखाली दोन रकाने.
गेल्या: ४११६.
बाबा: १.
मी लाल पेन उघडलं. ते बराच वेळ उघडंच राहिलं.
मग बरोबरची खूण केली. बेरीज जुळत होती.

रात्री पाऊस झाला.
सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत
तो फाटकाशी उभा, बूट चिखलात माखलेले.
"पाऊस पडून गेला की गरुड येतात, बाई.
जास्तीची पेन्सिल आहे?"