नऊ फूट आठ इंच

आमच्या गावचं चर्च चुनखडीचं, दोन मनोऱ्यांचं,
वीस मैलांवरून दिसतं.
पणजोबांच्या पिढीने घोडागाड्यांतून दगड वाहिला,
उंचीचा हिशेब तेव्हा कुणी विचारला नाही.
बाबांनी मात्र अठ्ठ्याहत्तर साली
गाड्या धुवायच्या तीन खणांवर छप्पर टाकलं
ते आठ फूट दोन इंचांवर.
पत्रा स्वस्त पडला.
आणि त्या काळी कॅन्ससच्या या टोकाला
त्याहून उंच म्हणजे गव्हाचा ट्रक,
नाहीतर हॅट घातलेला आमचा लिनसकाका.

प्रत्येक खणाच्या तोंडाशी साखळीवर पिवळा दांडा.
वर आईच्या अक्षरात आकडा, खाली
‘हा वाजला तर आत येऊ नका.’
वाजतो. लोक येतात.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात;
इथे मागचा खिडकीतून डोकं काढून
पुढच्याला सांगतो,
जाईल, जाईल, अजून थोडी घे.

लाल ओरखडा, हिरवा ओरखडा,
टपावर बांधून विसरलेल्या सायकलचा खळगा.
हार्लन डिंकेलचा पिकअप
तीन वर्षांत दोनदा उंच झाला,
चाकं त्याच्या मुलीच्या खांद्याला लागायची.
तो रस्त्यापलीकडे चिखलासकट उभा राहायचा
आणि बाबांकडे बघायचा,
पंगतीत पान न मांडल्यासारखा.

शेवटी मार्चमध्ये मी विचिटाहून जॅक घेऊन आलो.
एप्रिलच्या आत उरकायचं होतं.
एप्रिलात पाकोळ्या येतात, तुळईवर घरटी बांधतात,
मग बाबा तिथे कुणाला शिंकूही देत नाहीत.

चार कोपरे, चार माणसं,
हाक आली की एकदम पाव फेरा.
बाबा मधोमध पाणसळ धरून,
बुडबुड्याकडे बघत.
खांब कापले. थोडा वेळ
छप्पर फक्त जॅकच्या भरवशावर होतं
आणि या काउंटीत कधी न पडणारा वारा
पडलेला होता. कुणी त्याचं नाव काढलं नाही.
भिंतीच्या वर दीड फुटाची फट उघडली
आणि तिच्यातून धान्याचा एलेव्हेटर दिसला,
पांढरा, उन्हात.
बाबा म्हणाले, हा इथून दिसतो होय?
मग म्हणाले, पाव फेरा.

पहिलं गिऱ्हाईक हार्लन असणार, अशी पैज होती.
आल्या ओटिलिया ड्रायलिंग.
वय ब्याऐंशी, ब्यूक ठेंगणी,
तिच्या टपाला मीही वरून हात लावू शकतो.
त्यांनी नाणी टाकली, नळी ओढली.
नळी मागच्या दारापाशी संपली.
नळीचा हात छपराला टांगलेला,
छपराबरोबर तोही वर गेला होता
आणि आमच्यातल्या एकाही शहाण्याला
हे सुचलं नव्हतं.
चार मिनिटांचं घड्याळ चालूच.
ओटिलियाबाई मागच्या बंपरकडे पाहून म्हणाल्या,
ॲल्विन, आभाळ वर नेलंस,
पाऊस कोण खाली आणणार?

विहिरीचं पाणी खोल गेलं की दोर वाढवायचा,
हे बाबांना लहानपणापासून माहीत.
ते काही बोलले नाहीत. कानापर्यंत लाल झाले,
त्यांची नाणी परत केली,
हेजला जाऊन तिन्ही खणांना
चार-चार फूट जास्त नळी घेऊन आले.
बंपर स्वतः धुतला.

नवे दांडे मी आणले होते.
बाबांनी जुनेच टांगले, साखळी कापून,
ओरखड्यांसकट.
फक्त आकडा बदलायचा होता.
आठ खरवडायच्या आधी
त्यांनी त्याच्यावर पातळ कागद ठेवला
आणि आईचा आठ गिरवून घेतला.
मग तो इंचांच्या जागी उतरवला.
नऊ त्यांचा स्वतःचा.
जरा कलंडलेला आहे.

हार्लन शनिवारी आला.
सावकाश, इंच-इंच, मान खिडकीबाहेर काढून
दांड्याखालून गेला.
वाजला नाही.
थोडा हिरमुसला, असं मला वाटलं.